संयुक्त उपचार आणि लोप पावलेले मधले पद
शिरो-ग्रीवा कर्करोगावरील उपचारांच्या मराठी परिभाषेचे एक परीक्षण

१

पारिभाषिक संज्ञेची परीक्षा करताना मराठीत सामान्यतः दोनच प्रश्न विचारले जातात. ती शुद्ध आहे काय, हा पहिला. आणि ती लोकांच्या तोंडी रुळेल काय, हा दुसरा. १९६० साली महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले व पुढे पदनाम कोश प्रसिद्ध केला, तेव्हा जो वाद माजला तोही बहुतांशी याच दोन प्रश्नांभोवती फिरत राहिला. तिसरा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित झाला. तो असा की, संज्ञेच्या घटनेत आणि संज्ञेने दर्शविलेल्या वस्तूच्या घटनेत मेळ आहे काय? कचेरीतील हुद्द्यांच्या बाबतीत हा मेळ बसला नाही तर फार तर थट्टा होते. रोग आणि उपचार यांच्या बाबतीत मात्र त्याचे परिणाम रोग्याला भोगावे लागतात.

या दृष्टीने तोंड, जीभ, घसा व स्वरयंत्र यांच्या पुढारलेल्या अवस्थेतील कर्करोगावर औषध आणि किरण यांचा जो एकत्र उपचार केला जातो, त्याची मराठी परिभाषा परीक्षणास योग्य आहे. तंबाखू-चुना, मशेरी, गुटखा, सुपारी आणि विडी यांच्या सवयींमुळे महाराष्ट्रात हा रोग नवा नाही. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी सवय सुटलेली नाही. पुणे शहरातील रुग्णालयांत हा उपचार आता नित्याचा झाला आहे, आणि तो रोग्याला समजावून सांगण्याचे काम प्रामुख्याने मराठीतच होते. तेव्हा ती मराठी काय सांगते व काय सांगावयाचे राहून जाते, हे पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘डोके व मान यांचा कर्करोग’ हे या रोगसमूहाचे शब्दशः भाषांतर फसवे आहे. मराठीत ‘डोक्याचा रोग’ म्हटले की ऐकणाऱ्याचे मन मेंदूकडे जाते. या समूहात मेंदूचा समावेशच नाही. म्हणून प्रस्तुत लेखात ‘शिरो-ग्रीवा कर्करोग’ ही संज्ञा वापरली आहे. तीही निर्दोष नाही, परंतु ती अपरिचित असल्यामुळे निदान चुकीचा अर्थ तरी सुचवीत नाही.

२

या उपचारातील दोन घटकांना मराठीत जी नावे मिळाली आहेत, त्यांचा प्रथम विचार करू. ग्रांथिक मराठीत औषधोपचाराला ‘रसायनोपचार’ किंवा ‘रसायनचिकित्सा’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नाव खटकणार नाही. परंतु मराठी भाषेत ‘रसायन’ हा शब्द आधुनिक रसायनशास्त्रापेक्षा कितीतरी जुना आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंगच रसायन या नावाचे असून, जरा दूर ठेवणारा, बल व आयुष्य वाढविणारा उपचार असा त्याचा अर्थ आहे. च्यवनप्राश हे रसायन होय. ज्या शहरात वैद्यकाच्या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदत आहेत तेथे ‘रसायनचिकित्सा’ हा शब्द ऐकून एखाद्या वृद्धाने पुष्टिदायक औषधाची कल्पना केली, तर दोष त्याच्याकडे जात नाही. प्रत्यक्षात या उपचारातील प्रमुख औषध सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचे संयुग असून ते पेशींच्या गुणसूत्रद्रव्याला चिकटून त्यांचे विभाजन थांबविते. मळमळ व वांती, मूत्रपिंडाला इजा आणि श्रवणशक्तीचा ऱ्हास हे त्याचे प्रसिद्ध दुष्परिणाम होत.

बोलीत किरणोपचाराला ‘लाइट’ म्हणतात, आणि त्याहून अधिक घरगुती शब्द म्हणजे ‘शेक’. ‘शेक दिला’, ‘तीस शेक झाले’ अशी वाक्ये सहज ऐकू येतात. शब्द सुटसुटीत आहे, त्याला अनेकवचन आहे, तो मोजता येतो. पहिल्या दोन कसोट्यांवर तो पूर्णतः उतरतो. परंतु मराठी घरात शेक देतात तो दुखऱ्या गुडघ्याला, बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला. शेक सुखकर असतो. तो एखाद्या दिवशी राहिला तर बिघडत नाही. आणि बरे वाटू लागले की तो थांबवावयाचा असतो. किरणोपचाराच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी उलट आहेत. तो देताना काहीच जाणवत नाही, पण काही आठवड्यांत तोंड सोलून निघते. त्याचा एकही दिवस चुकवून चालत नाही. आणि गाठ दिसेनाशी झाली तरी तो ठरलेल्या अखेरच्या दिवसापर्यंत घ्यावाच लागतो.

अशा प्रकारे एका घटकाचे नाव बल देण्याचे आश्वासन देते आणि दुसऱ्याचे नाव ऊब देण्याचे. दोन्ही नावे रोग्याला धीर देतात यात संशय नाही. परंतु तो धीर चुकीच्या माहितीवर उभा असल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, गिळणे अशक्य होऊ लागते तेव्हा, नेमका तोच प्रथम ढासळतो.

३

तथापि घटकांच्या नावांपेक्षा त्यांच्या जोडणीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘किमो आणि शेक’, ‘दोन्ही उपचार’, ‘संयुक्त उपचार’ या साऱ्या रचना बेरीज सांगतात. एक उपचार पुरेसा नाही म्हणून दोन, असा त्यांचा ध्वन्यर्थ आहे. वैद्यकीय पुरावा मात्र निराळेच सांगतो.

या विषयावरील यादृच्छिक चाचण्यांचे एक मोठे संकलन फ्रान्समधील संशोधकांच्या पुढाकाराने २००० सालापासून वेळोवेळी प्रसिद्ध होत आले आहे. २०२१ सालच्या आवृत्तीत १०७ चाचण्या आणि १९,८०५ रोगी समाविष्ट आहेत. औषध किरणांच्या आधी दिले, किरणांच्या नंतर दिले, की किरण चालू असताना दिले, असे त्यात तीन वर्ग पाडलेले आहेत. निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. किरण चालू असताना औषध दिले तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६.५ नी वाढते, व दहा वर्षांनी ही वाढ ३.६ राहते. तेच औषध आधी किंवा नंतर दिल्यास एकूण आयुर्मानात खात्रीलायक लाभ आढळत नाही. वाढत्या वयाबरोबर हा लाभ घटत जातो आणि सत्तरीनंतर तो जवळजवळ दिसेनासा होतो. नाकामागील घशाचा कर्करोग हा स्वभावाने निराळा असल्यामुळे तो या विवेचनातून वगळला पाहिजे.

औषधे तीच, किरण तेच. केवळ क्रम बदलला आणि फळ बदलले. हा बेरजेचा नियम नव्हे. बेरजेत क्रमाला महत्त्व नसते.

क्रमाचा हा भेद व्यक्त करण्यास मराठी असमर्थ आहे असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. उलट, मराठीच्या धातुसाधितांत तो इतका नेमका आहे की त्याची कोणत्याही परिभाषाकाराला असूया वाटावी. ‘औषध देऊन किरण दिले’ या वाक्यातील ‘-ऊन’ प्रत्यय पूर्वक्रिया सांगतो. ‘किरण देऊन औषध दिले’ यात तोच क्रम उलटा होतो. आणि ‘किरण देताना औषध दिले’ यातील ‘-ताना’ प्रत्यय दोन क्रियांचा एककाल सांगतो. संकलनातील तिन्ही वर्ग या तीन वाक्यांत जसेच्या तसे बसतात. ज्या दोन प्रत्ययांचा भेद मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वी आत्मसात करते, त्याच भेदावर येथे लाभ-अलाभ अवलंबून आहे. असे असता समजावणीच्या मराठीत ‘आणि’ने काम भागविले जाते, हे आश्चर्य होय.

४

येथे समासविचाराचे साहाय्य घेता येईल. ‘रसायन-किरणोपचार’ हा सामासिक शब्द घेतला तर त्याचा विग्रह कसा करावा? ‘रसायनोपचार आणि किरणोपचार’ असा केला तर तो द्वंद्व होतो व दोन्ही पदे समान ठरतात, जसे ‘वरणभात’. परंतु मराठीत ‘साखरभात’ही आहे. त्याचा विग्रह ‘साखर आणि भात’ असा होत नाही. ‘साखर घालून केलेला भात’ असा होतो. येथे दुसरे पद प्रधान असते, पहिले त्याला विशेषित करते, आणि दोहोंमधील संबंध सांगणारे पद लोप पावलेले असते. म्हणूनच व्याकरणकार अशा समासाला मध्यमपदलोपी म्हणतात.

प्रस्तुत उपचार हा वरणभाताच्या नव्हे, साखरभाताच्या जातीचा आहे. याला तीन कारणे दाखविता येतात. पहिले असे की, केवळ किरणांनी या रोगातील काही रोगी बरे होतात. केवळ सिस्प्लॅटिनने ते बरे होत नाहीत. दुसरे असे की, संयुक्त उपचाराचा लाभ मुख्यतः किरण पडलेल्या जागी, म्हणजे मूळ गाठ व मानेतील ग्रंथी यांच्या नियंत्रणात दिसतो. दूरच्या अवयवांत पसरलेल्या रोगावर त्याचा प्रभाव कमी असतो. तिसरे कारण क्रियेच्या स्वरूपात आहे. किरणांनी पेशीच्या गुणसूत्रद्रव्यात तुटी पडतात, आणि पेशी त्या दुरुस्त करू पाहते. औषध त्या वेळी पेशीत असेल तरच दुरुस्तीला अडथळा येतो. अगोदर किंवा मागाहून पोहोचलेले औषध ही दुरुस्ती रोखू शकत नाही. साधा भात खाऊन वर चमचाभर साखर खाल्ली, तर पोटात दोन्ही जातात. साखरभात मात्र होत नाही.

पुण्याच्या विद्याभ्यासाला हा विचार परका नाही. समासातील पदे आपापला अर्थ राखून परस्परांची अपेक्षा ठेवतात, की विरघळून एकच अर्थ होतात, हा पतंजलीच्या महाभाष्यातील गाजलेला वाद आहे. त्यासंबंधीच्या समर्थाह्निकाचा शि. द. जोशी यांनी केलेला सटीप इंग्रजी अनुवाद पुणे विद्यापीठानेच १९६८ साली प्रसिद्ध केला. पहिल्या पक्षाला व्यपेक्षा म्हणतात व दुसऱ्याला एकार्थीभाव. एकामागून एक दिलेले उपचार व्यपेक्षेसारखे आहेत, तर एककाली दिलेले एकार्थीभावासारखे. अर्थात ही उपमा आहे, प्रमाण नव्हे. परंतु ‘संयुक्त’ या एका विशेषणाखाली दोन भिन्न संबंध कसे दडू शकतात, हे तिच्यामुळे स्पष्ट होते.

५

ही मांडणी केवळ व्याकरणाची करमणूक आहे की तिने काही उलगडते, हे पाहण्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील दोन चाचण्या कसोटीला लावता येतात.

पहिली २०१८ साली प्रसिद्ध झाली. सिस्प्लॅटिन दर तीन आठवड्यांनी शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे १०० मिलिग्रॅम द्यावे, की दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम, हा तिचा प्रश्न होता. चाचणीत ३०० रोगी होते व त्यांपैकी शेकडा ९३ जणांवर आधी शस्त्रक्रिया झालेली होती. हा तपशील ध्यानात ठेवला पाहिजे. कारण आपल्याकडे प्राबल्य असलेल्या मुखकर्करोगात शस्त्रक्रिया प्रथम येते, आणि काढलेल्या भागाच्या कडेला रोग उरला असेल किंवा तो ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आला असेल, तर संयुक्त उपचार मागाहून येतो. दोन वर्षांनी स्थानिक नियंत्रण साप्ताहिक गटात शेकडा ५८.५, तर त्रिसाप्ताहिक गटात ७३.१ होते. तीव्र स्वरूपाचे तात्कालिक दुष्परिणाम अनुक्रमे शेकडा ७१.६ व ८४.६ रोग्यांत झाले. एकूण आयुर्मानातील फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाला नाही.

या निष्कर्षाचे ‘त्रिसाप्ताहिक पद्धत श्रेष्ठ’ असे जे सुटसुटीत रूप रूढ झाले, ते तपासून घेणे जरूर आहे. ‘नियंत्रण’ हा शब्द मराठीत पूर्ण विजयाचा भास निर्माण करतो. प्रत्यक्षात ठरावीक जागी ठरावीक काळात रोग परत न दिसणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. शिवाय हरलेली मात्रा ३० मिलिग्रॅमची होती. जपानमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या २६१ रोग्यांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साप्ताहिक मात्रा ४० मिलिग्रॅम होती. तेथे तीन वर्षांनी जिवंत असणारे साप्ताहिक गटात शेकडा ७१.६, तर त्रिसाप्ताहिक गटात ५९.१ निघाले, साप्ताहिक पद्धत कमी प्रतीची नाही, एवढे निश्चित झाले. तेव्हा दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्या असता वाद आठवड्यांचा राहत नाही, मात्रेचा होतो. विशेषणाचे प्रमाण किती असावे, हा तो वाद आहे. विशेष्य दोन्ही ठिकाणी किरणच आहेत.

दुसरी चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. मूत्रपिंड, श्रवण किंवा प्रकृती यांच्या दुर्बलतेमुळे ज्यांना सिस्प्लॅटिन देता येत नाही, असे ३५६ रोगी तिच्यात होते. निम्म्यांना केवळ किरण दिले. उरलेल्यांना किरण चालू असताना दर आठवड्याला दर चौरस मीटरमागे १५ मिलिग्रॅम डोसिटॅक्सेल दिले. दोन वर्षांनी जिवंत असणारे शेकडा ४१.७ वरून ५०.८ वर गेले. हेच औषध स्वतंत्रपणे वापरताना तीन आठवड्यांनी ७५ मिलिग्रॅमच्या आसपास देतात. स्वतःच्या बळावर या रोगाला नमविण्यास जी मात्रा अपुरी, ती किरणांच्या सोबतीने इतके करू शकली, याचा उलगडा द्वंद्वाने होत नाही. मध्यमपदलोपी विग्रहाने तो तत्काळ होतो.

एक आक्षेप येथे संभवतो. मोठ्या मात्रेतील सिस्प्लॅटिन शरीरभर फिरते व दूरच्या सूक्ष्म रोगावरही काही परिणाम करते. मग त्याला निव्वळ विशेषण कसे म्हणावे? आक्षेपात तथ्य आहे. परंतु साखरेलाही स्वतःची गोडी असतेच. प्रश्न गौण पदाला स्वतंत्र अर्थ आहे किंवा नाही हा नसून, समासात प्रधान कोण हा आहे.

६

आता किमतीचा विचार. लाभ जसा एककालामुळे वाढतो, तशी हानीही एककालामुळेच वाढते. वरील डोसिटॅक्सेलच्या चाचणीत तोंडातील श्लेष्मल त्वचेचा तीव्र दाह केवळ किरणांनी शेकडा २२.२ रोग्यांत झाला, औषधाच्या जोडीने ४९.७ रोग्यांत. औषधाची मात्रा अल्प होती. वेदना मात्र दुपटीहून अधिक रोग्यांपर्यंत पोहोचली. ‘थोडेसे औषध’ हे समजावणीतील शब्द म्हणूनच जपून वापरले पाहिजेत.

भाषेच्या अभ्यासकाला अधिक अंतर्मुख करणारी हानी श्रवण व वाणी यांची आहे. सिस्प्लॅटिनने अंतर्कर्णातील केशपेशी नष्ट होतात, आणि त्यात उच्च कंप्रतेचे श्रवण प्रथम जाते. ‘स’, ‘श’ आणि ‘च’ यांचा घर्षणध्वनी याच पट्ट्यात असतो. मराठीत तर ‘चाक’ व ‘चहा’ यांतील दोन निराळे चकार लिपी सांगत नाही, कानच सांगतो. असा रोगी ‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशी तक्रार करतो, ती अगदी यथार्थ असते: स्वर पोहोचतात, व्यंजने गळतात.

स्वरयंत्राच्या बाबतीत ‘अवयवाचे जतन’ ही संज्ञा वापरली जाते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे साडेपाचशे रोग्यांच्या एका अमेरिकी चाचणीत दोन वर्षांनी स्वरयंत्र शाबूत असणारे केवळ किरणांच्या गटात शेकडा ७०, आधी औषध व मग किरण या गटात ७५, आणि एककाली दिलेल्या गटात ८८ होते. क्रमाचा महिमा पुन्हा दिसून आला. परंतु २०१३ साली दहा वर्षांचा आढावा आला, तेव्हा स्वरयंत्राच्या कर्करोगाखेरीज इतर कारणांनी झालेले मृत्यू त्याच क्रमाने शेकडा १६.९, २०.८ व ३०.८ आढळले. याचे कारण निश्चित झालेले नाही. गिळण्यातील बिघाडामुळे अन्न श्वासमार्गात जाणे हे एक संशयित कारण आहे. ‘जतन’ हा शब्द मराठीत ठेव, संस्कार, वारसा यांच्यासाठी वापरतात. जतन केलेली वस्तू पूर्वीसारखीच राहते असा त्यात विश्वास असतो. येथे अवयव राहतो. त्याचे कार्य राहतेच असे नाही. ‘स्वरयंत्र काढावे लागणार नाही’ हे विधान सत्य आहे. ‘आवाज वाचेल’ हे वचन त्यातून निघत नाही.

७

या परीक्षणातून नवी संज्ञा सुचविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ‘समकालिक रसायन-किरणोपचार’ असा शब्द बनविता येईल व ग्रांथिक लेखनात त्याने काम भागेल. परंतु रोग्याच्या दृष्टीने संज्ञेपेक्षा वाक्य अधिक उपकारक आहे. कारण वाक्यात मधले पद लोप पावत नाही. ‘किरण हाच मुख्य उपचार आहे, ते चालू असतानाच औषध दिले म्हणजे किरणांचा जोर वाढतो, आणि त्रासही वाढतो’ या वाक्यात एकही अवघड शब्द नाही. प्रधान कोण, गौण कोण, त्यांचा काळाचा संबंध कोणता आणि किंमत कोणती, ही चारही अंगे त्यात आली आहेत.

त्याचा व्यावहारिक परिणामही लहान नाही. पूर्ण उपचारात सुमारे सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, एकंदर ३५ च्या आसपास किरणमात्रा दिल्या जातात. शस्त्रक्रियेनंतर त्या थोड्या कमी असतात. उपचार लांबला तर उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात, आणि लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे स्थानिक नियंत्रण शेकडा एकाहून अधिक घटते असा अंदाज आहे. सातारा किंवा सोलापूर भागातून येऊन पुण्यात खोली घेऊन राहिलेल्या कुटुंबाला सणासाठी वा सुगीसाठी चार दिवस गावी जावेसे वाटते. ‘किमो तर झाली, चार शेक राहिले तर काय बिघडले’ असा हिशेब त्याने केला, तर तो द्वंद्वाच्या व्याकरणाशी अगदी सुसंगत आहे. वरण झाले, भात थोडा राहिला! हा हिशेब चुकीचा आहे हे त्याला कळावयाचे असेल, तर समासाचा विग्रह कोणीतरी त्याच्यापुढे नीट करून ठेवला पाहिजे.

संमतिपत्रावर रोगी जी सही करतो ती संज्ञेखाली नव्हे, अर्थाखाली झाली पाहिजे. तो अर्थ पोहोचविण्याची साधने मराठीत आहेत. त्यांपैकी ‘-ताना’ हा एक साधा प्रत्यय आहे. परिभाषाकारांनी आजवर नामांवर पुष्कळ श्रम केले. उपचाराच्या भाषेत प्रत्ययांकडे लक्ष देण्याची वेळ आता आली आहे.